मित्र, मेस आणि सत्राचा अभ्यास : एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. भुदरगड तालुक्यातून आलेला, शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्राच्या एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षात शिकणारा आणि वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी लिहितो की, खोलीतल्या आणि शेजारच्या खोल्यांतल्या मुलांचा सात-आठ जणांचा ग्रुप जमला आहे, रोज संध्याकाळी कुठे ना कुठे जाणे होते, मेसचे जेवण झाल्यावर गप्पा रात्री एक-दीडपर्यंत रंगतात, आणि पहिल्या अंतर्गत चाचणीत गुण इतके कमी पडले की घरी सांगायची सोय राहिली नाही. त्याला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत : अभ्यासाला नेमके किती तास द्यावेत, मित्रांना न दुखावता नकार कसा द्यावा, आणि हे जमत नसेल तर वसतिगृह सोडून राजारामपुरीत स्वतंत्र खोली घ्यावी का.

कोल्हापुरात मी अनेक वर्षे पदवीच्या आणि पदव्युत्तर वर्गांना शिकवत आलो आहे आणि त्यातला बराच काळ रेक्टर या नात्याने मुलांच्या खोल्यांमधून फिरण्यात गेला आहे. हा प्रश्न दरवर्षी दसऱ्याच्या आसपास येतोच. चाचणीचे गुण कळतात, मुलगा हादरतो आणि ‘आता मित्र बंद’ अशी प्रतिज्ञा करून येतो. ती प्रतिज्ञा चार दिवस टिकते, पाचव्या दिवशी कुणीतरी दारावर थाप मारतो आणि सगळे पूर्ववत सुरू होते, वर आपल्यात जिद्दच नाही अशी एक नवी खंत तेवढी वाढते. म्हणून माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. तुमचा अभ्यास मित्रांमुळे मागे पडलेला नाही. तो मागे पडला आहे अशा तासांमुळे, ज्यांत ना धड अभ्यास झाला, ना धड मैत्री. हे तास ओळखता आले तर मित्रही सोडावे लागणार नाहीत आणि पुस्तकही.

आधी तासांचा हिशेब मांडू, कारण तो मांडल्याशिवाय पुढचे बोलणे पटणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एका सत्राला साधारणपणे २२ क्रेडिट असतात आणि राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे ३० तासांचे काम गृहीत धरलेले आहे. या कामात वर्गातल्या तासिका, प्रात्यक्षिके, वाचन, टिपणे, जर्नल लिहिणे, परीक्षेची तयारी हे सगळे आले. म्हणजे सत्राला ६६० तास झाले, आणि शिकवण्याचे आठवडे पंधरा धरले तर आठवड्याला ४४ तास. तासिका आणि प्रयोगशाळा मिळून तुमचे पंचवीस ते तीस तास जात असतील. तेव्हा स्वतः बसून करायचा अभ्यास आठवड्याला पंधरा-अठरा तासांचा उरतो. रविवार थोडा मोकळा ठेवायचा म्हटले तरी रोज तीन तासांच्या आत हे काम बसते. ‘रोज दहा-बारा तास वाचतो’ असे सांगणारी मुले प्रत्येक वसतिगृहात असतात. त्यांच्या बोलण्याने खचून जाऊ नका. त्या बारा तासांत चहा, डुलकी आणि मोबाईल किती, हे त्यांच्या खोलीच्या दारातून दिसत असते.

आता उलट बाजूने मोजू. आठवड्यात १६८ तास असतात. त्यातून रोजच्या आठ तासांची झोप म्हणजे ५६ तास काढा. अठरा ते पंचवीस या वयात सात ते नऊ तास झोप लागतेच, त्यामुळे तिथे हात घालू नका. अभ्यासाचे ४४ तास काढा. आंघोळीचा नंबर, मेसची रांग, कपडे धुणे, विभागापर्यंतची ये-जा यांसाठी रोजचे साडेतीन म्हणजे आठवड्याचे पंचवीस तास काढा. तरीही त्रेचाळीस तास शिल्लक राहतात, म्हणजे दिवसाला सहा तास. अभ्यासामुळे मित्रांना वेळ देता येत नाही आणि मित्रांमुळे अभ्यासाला वेळ उरत नाही, ही दोन्ही वाक्ये या हिशेबात टिकत नाहीत.

मग वेळ जातो कुठे? तुमच्यासारख्याच एका विद्यार्थ्याला मी एकदा एका संध्याकाळची नोंद दर अर्ध्या तासाने लिहायला सांगितली होती. अट एवढीच की खरे लिहायचे आणि मला दाखवताना काही खोडायचे नाही. सहा वाजता ‘रंकाळ्याला जाऊया’ असे ठरले. पावणेसातपर्यंत कोण कोण येणार याची व्हरांड्यात वाट बघणे. मग दोन गाड्या आणि पाच माणसे हे कोडे सोडवणे, पेट्रोल टाकणे, वाटेत एकाला मोबाईलचे कव्हर घ्यायचे म्हणून थांबणे. प्रत्यक्ष रंकाळ्याच्या काठावर सगळे मिळून बसले ते पाऊण तास, आणि त्यातही दोघे फोनवर. परत यायला साडेनऊ. मेस बंद व्हायच्या घाईत जेवण. दहा वाजता पुस्तक उघडले. पण खाटेवर तिघे बसलेले, एकाचा क्रिकेटचा सामना चालू, मधूनच ‘हे बघ, हे बघ’ म्हणून व्हिडिओ समोर येतो. एक वाजेपर्यंत पुस्तक उघडेच होते. शेवटची ओळ त्याने प्रामाणिकपणे लिहिली होती : ‘पाच पाने वाचली, त्यातली शेवटची तीन उद्या परत वाचायची.’ सहा ते एक या सात तासांत खऱ्या गप्पा पाऊण तास आणि खरा अभ्यास, फार उदार होऊन सांगायचे तर, चाळीस मिनिटे. बाकीचे साडेपाच तास कुणाच्याच वाट्याला आले नाहीत.

हे चंचलपणामुळे होते असे समजून स्वतःला बोल लावत बसू नका. एका कामातून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा एक भाग मागच्या, अर्धवट सुटलेल्या कामात अडकून राहतो, असे सोफी लेरॉय या संशोधक महिलेने २००९ मध्ये दाखवून दिले आहे. पुस्तक आणि गप्पा यांची सरमिसळ केली की हे वळणे दर दोन मिनिटांनी होते, म्हणून तीन तास बसूनही हाती काही लागत नाही आणि थकवा मात्र तीन तासांचा येतो. त्या थकव्यामुळे ‘आज पुष्कळ अभ्यास केला’ असे वाटते, हा त्यातला सर्वांत मोठा धोका.

तेव्हा पहिले काम म्हणजे सरमिसळ तोडणे. ज्या खोलीत मंडळ जमते त्या खोलीत पुस्तक उघडू नका, आणि जिथे अभ्यास करता तिथे मंडळ जमू देऊ नका. वसतिगृहात हे एकाच खोलीत साधत नाही. भिंतीला तोंड करून बसणे, कानात हेडफोन घालणे, असले उपाय दोन दिवस चालतात. त्यासाठी जागाच बदलावी लागते. विद्यापीठात बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रासारखे समृद्ध ग्रंथालय असताना खोलीतच बसण्याचा हट्ट कशासाठी? शेवटचे प्रात्यक्षिक संपले की खोलीवर न येता थेट ग्रंथालयात जा. खोलीवर ‘फक्त बॅग ठेवायला’ म्हणून आलेला विद्यार्थी परत बाहेर पडलेला मी क्वचितच पाहिला आहे. खाट दिसली की पाठ टेकते आणि पाठ टेकली की कुणीतरी पायथ्याशी येऊन बसतो. दोन-अडीच तास तिथे काढून साडेसातला बाहेर पडलात तर दिवसाचा अभ्यास जवळजवळ आटोपलेला असतो, आणि मग मेसपासून झोपेपर्यंतचा वेळ मनात कसलीही टोचणी न ठेवता मित्रांना देता येतो. एखाद्या विद्यार्थ्याला पहाटे जमते, त्याने पहाटे करावे. पण रात्री दहानंतरचा वेळ वसतिगृहात अभ्यासासाठी राखून ठेवणे म्हणजे महाद्वार रोडच्या बाजारपेठेत दिवाळीच्या आदल्या दिवशी निवांत चालायला जाणे.

दुसरी गोष्ट अशी की, तोल रोजच्या रोज साधायचा नसतो. प्रत्येक दिवशी अमुक तास पुस्तक आणि अमुक तास मित्र असे वेळापत्रक कागदावर देखणे दिसते, पण कोल्हापूरसारख्या शहरात ते टिकत नाही, कारण इथल्या सामाजिक जीवनाला स्वतःचे पंचांग आहे. पहिले सत्र सुरू होते तेव्हा पावसाळा असतो. मग गणपती येतात आणि मंडळांच्या मिरवणुका रात्रीच नव्हे, दुसऱ्या दिवशीही चालतात. पाठोपाठ अंबाबाईचे नवरात्र, दसरा चौकातला शाही दसरा, त्याच सुमारास युवा महोत्सवाच्या तालमी, लगेच दिवाळी, आणि या सगळ्याच्या आगेमागे परीक्षा. दुसऱ्या सत्रात स्नेहसंमेलने, शाहू स्टेडियमवरचा पेठांचा फुटबॉल, चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा, गावोगावच्या जत्रा, आणि पुन्हा परीक्षा. पेठेतला मित्र असला तर फुटबॉलच्या अंतिम सामन्याला ‘मी येत नाही, माझे स्पेक्ट्रोस्कोपीचे वाचन राहिले आहे’ असे सांगून बघा. तो नुसता बघत राहील. आणि त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. हे सण, हे सामने, या मिरवणुका दोन वर्षांत दोनदाच वाट्याला येणार आहेत.

पण यातली एकही गोष्ट अचानक येत नाही. सत्र सुरू होते त्या आठवड्यात पंचांग, विद्यापीठाचे शैक्षणिक वेळापत्रक आणि एक कोरा कागद घेऊन बसा, आणि सत्राचे पंधरा-सोळा आठवडे एकाखाली एक मांडा. ज्या आठवड्यात अभ्यास होणारच नाही, त्यावर सरळ काट मारा. गणपतीचे शेवटचे दिवस, दसऱ्याच्या आसपासचे दोन-तीन दिवस, तुम्ही नाटकात किंवा लोकनृत्यात असाल तर महोत्सवाच्या आधीचा आठवडा. अशी काट मारल्यावर दिसते की खरे अभ्यासाचे आठवडे अकरा-बाराच आहेत, आणि त्यातले पहिले पाच-सहा सुरुवातीला येतात, जेव्हा ‘आत्ताच कुठे सत्र सुरू झालंय’ म्हणून कुणीच पुस्तकाला हात लावत नाही. जुलैमधले मुसळधार पावसाचे दिवस तर यासाठी उत्तम. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की फिरणे, कट्टा, सामने सगळे आपोआप थांबते, गावाकडच्या काही एसटी बंद होतात, आणि वसतिगृहात नुसता पावसाचा आवाज उरतो. त्या दोन-तीन आठवड्यांत आठवड्याला पंधराऐवजी वीस-बावीस तास केले तर गणपतीत दप्तर मिटून ठेवता येते. सत्राचा हिशेब सत्रावरच बघायचा. एखादा दिवस पूर्ण वाया गेला म्हणून रात्री जागून भरपाई करत बसायचे नाही.

हजेरीचे मात्र वेगळे आहे. तिथे साधारणपणे ७५ टक्क्यांची अट असते, आणि ९० दिवसांच्या सत्रात तिचा अर्थ बावीस दिवसांची सूट असा घेणारे हुशार लोक प्रत्येक वर्गात असतात. ही सूट आजारपणासाठी आणि घरच्या कार्यासाठी हातात ठेवावी. ग्रुपने ठरवून मारलेल्या दांड्या पहिल्या महिन्यातच ती संपवतात, आणि मग खरी अडचण आली की विभागप्रमुखांच्या दारात उभे राहावे लागते.

आता मित्रांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख केवळ अडथळा म्हणून आला आहे, आणि ते मला पटलेले नाही. या शहराला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहांची रांगच उभी राहिली. त्यांतली कित्येक आजही दसरा चौकाच्या परिसरात आहेत. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात छप्पर आणि जेवण मिळावे हा त्यामागचा उघड हेतू होता, पण त्याचबरोबर त्या मुलाला कुणीतरी सोबती मिळाला, फॉर्म कसा भरायचा, कुठल्या सरांना काय विचारायचे हे सांगणारा थोरला मिळाला. ज्यांच्या घरात शिकणारी पहिलीच पिढी आहे, त्यांच्यासाठी मित्र हाच माहितीचा मुख्य मार्ग असतो. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, नेट-सेटचा अर्ज, औषधनिर्माण कंपनीतली मुलाखत या गोष्टी सूचनाफलकाआधी मेसच्या टेबलावर कळतात. मित्र तोडून एकटा बसणारा विद्यार्थी अभ्यासातही मागे पडलेला मी अनेकदा पाहिला आहे, कारण अडले की विचारायला कुणी उरत नाही.

मैत्रीलाही तास लागतात, हे खरे. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज मांडला की, नुसती ओळख बऱ्यापैकी मैत्रीत बदलायला सुमारे ५० तास, चांगल्या मैत्रीला ९० च्या आसपास आणि जिवलग होण्यासाठी २०० हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात. वसतिगृहात हे तास झपाट्याने भरतात, ही त्याची मोठी देणगी आहे. पण सात-आठ जणांशी एकाच वेळी जिवलग होता येत नाही. तुमच्या ग्रुपमधले दोघे किंवा तिघे असे असतील, ज्यांच्याजवळ घरची अडचण बोलता येते, जे ताप आला तर रात्री डॉक्टरकडे घेऊन जातील. त्यांना वेळ देताना हात आखडू नका. बाकीच्यांशी हसणे-बोलणे ठेवा. त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला हजेरी लावण्याचे बंधन तुमच्यावर कुणीही घातलेले नाही.

मित्र आणि अभ्यास एकत्र आणण्याची एकच पद्धत मला उपयोगी ठरलेली दिसली आहे, आणि ती ‘ग्रुप स्टडी’ या नावाने जे चालते त्याहून निराळी आहे. चौघांनी चार पुस्तके उघडून एकत्र वाचणे म्हणजे गप्पांना दिलेले सभ्य नाव. त्याऐवजी प्रत्येकाने आपापले एकट्याने वाचून यावे, आणि मग पुस्तके मिटून तासभर एकमेकांना विचारावे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने तो बाजूला ठेवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. परीक्षा आठवड्यानंतरच असते, पाच मिनिटांनी नसते.

तुमच्याच विषयातले उदाहरण घ्या. अल्डॉल संघनन या सेंद्रिय अभिक्रियेची यंत्रणा, म्हणजे ती टप्प्याटप्प्याने कशी घडते ते, पुस्तकात पाहिले की सगळे समजल्यासारखे वाटते. कोरा कागद मित्रापुढे ठेवून ‘काढ’ म्हणा. तो कार्बोनिलचे सूत्र बरोबर काढेल, अल्फा कार्बनवरचा हायड्रोजन आम्लारीने काढून घेतला इथपर्यंत येईल, आणि मग इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे दाखवणारा वक्र बाण उलटा काढेल, कार्बोनिलच्या कार्बनकडून एनोलेटकडे, म्हणजे हायड्रोजन गेल्यावर उरलेल्या ऋणभारित आयनाकडे. तिथे त्याला थांबवून विचारायचे, ‘इलेक्ट्रॉन कुणाकडे जास्त आहेत?’ तो क्षणभर थांबेल, खोडेल आणि बाण एनोलेटकडून सुरू करेल. ही चूक त्याच्याकडून पुन्हा होणार नाही, आणि गंमत म्हणजे तुमच्याकडूनही होणार नाही, कारण दुसऱ्याची चूक पकडताना स्वतःचे ज्ञान पक्के होते. असा एक तास आठवड्यातून दोनदा, तिघांत, चौथा नको. चार जण झाले की दोन-दोनच्या जोड्या पडतात आणि एक जोडी हमखास दुसऱ्याच विषयावर जाते.

नकार देण्याचा प्रश्न तुम्ही विचारला आहे, आणि तुमच्या पत्रातला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग तोच आहे. कोल्हापुरात आग्रह हा प्रेमाचा भाग समजला जातो. ‘चल की भावा, तासाभरात येऊ’, ‘एक दिवसानं काय होतंय’, ‘लई शहाणा झालास काय’ ही वाक्ये तुम्ही रोज ऐकत असाल. यांवर सर्वांत वाईट उत्तर म्हणजे ‘तुम्ही व्हा पुढे, मी येतो थोड्या वेळानं’. यात नकारही नाही आणि होकारही नाही. मित्र वाट बघतात, पाच फोन करतात, तुमचे वाचन होत नाही आणि शेवटी त्यांना ‘याने टांग दिली’ असे वाटते. दुसरे वाईट उत्तर म्हणजे खोटे कारण. पोट दुखतंय असे सांगून ग्रंथालयात बसलेला माणूस व्हॉट्सॲपच्या जमान्यात अर्ध्या तासात सापडतो, आणि मग वर्षभर थट्टेला तोंड द्यावे लागते.

नकार आधी द्यावा, छोटा द्यावा आणि त्याच्याबरोबर दुसरी वेळ द्यावी. ‘आज सातपर्यंत लायब्ररीत आहे. साडेआठला मेसला भेटू, जेवण झाल्यावर बसू.’ किंवा ‘या आठवड्यात रंकाळा नको, रविवारी सकाळी मिसळ खायला मी गाडी काढतो.’ दुसऱ्या वाक्यात महत्त्वाचा भाग ‘मी गाडी काढतो’ हा आहे, कारण त्यामुळे आपण ग्रुपमधून अंग काढून घेत नाही आहोत हे न बोलता कळते. आणि एकदा वेळ दिली की ती पाळलीच पाहिजे. पहिले आठ-दहा दिवस चेष्टा होईल, ‘शास्त्रज्ञ आले’ म्हणतील. ती मनावर घेऊ नका. तुमची ग्रंथालयाची वेळ ठरलेली आहे हे एकदा लोकांच्या अंगवळणी पडले की तीच मुले ‘त्याला आठनंतर फोन कर’ असे इतरांना सांगू लागतात. रोज नव्याने नकार द्यावा लागणे हेच दमवणारे असते. ठरलेल्या वेळेला नकार द्यावाच लागत नाही.

मित्रांना भेटण्यासाठी दरवेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला जायलाच हवे असेही नाही. विद्यापीठाचा ८५३ एकरांचा परिसर पायाखाली आहे. तिघांनी जेवणानंतर तिथल्याच रस्त्यांवरून अर्धा तास चक्कर मारली तर जेवढे बोलणे होते तेवढे दोन मोटारसायकलींवरून रंकाळ्यापर्यंत जाऊन होत नाही, आणि पेट्रोलही वाचते.

पेट्रोलचा विषय निघाला म्हणून आणखी एक. अनेक मुले अभ्यासाचे कारण सांगून जे टाळत असतात ते खरे तर खर्चामुळे असते. वाढदिवसाची वर्गणी, केक, पार्टी, पन्हाळ्याची चक्कर, मग कुणाच्या तरी डोक्यात आलेली तारकर्लीची दोन दिवसांची सहल. आठ जणांच्या ग्रुपमध्ये आठ वाढदिवस येतात आणि घरून येणारी रक्कम ठरलेली असते. तुमच्या बाबतीत असे असेल तर ते एखाद्या जवळच्या मित्राला सरळ सांगा. ग्रुपमध्ये तशाच अडचणीतले आणखी दोघे निघतात, असा माझा अनुभव आहे, आणि मग वर्गणीचा आकडा आपोआप खाली येतो. ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करणाऱ्या किंवा संध्याकाळी दुकानात, शिकवणी वर्गात नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना वर मांडलेला त्रेचाळीस तासांचा हिशेब लागू होत नाही; त्यांचे मोकळे तास निम्म्याने कमी असतात, आणि त्यांनी रोजच्या संध्याकाळऐवजी आठवड्यातली एक ठरलेली वेळ मित्रांसाठी ठेवणेच शहाणपणाचे.

एक सावधगिरीची सूचना करतो. गुण कमी पडल्याची खंत सगळ्यांनाच वाटते आणि ती काही दिवसांत ओसरते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, ज्या मित्रांत रमत होता त्यांच्यातही बसावेसे वाटत नसेल, तर तो वेळेच्या नियोजनाचा प्रश्न राहिलेला नसतो. अशा वेळी विभागातल्या विश्वासाच्या शिक्षकांशी किंवा समुपदेशकांशी बोला. १४४१६ हा ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा शासकीय क्रमांक रात्री-अपरात्रीही विनामूल्य चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

राहिला प्रश्न राजारामपुरीतल्या खोलीचा. आत्ता, सत्राच्या मध्यात, मुळीच घेऊ नका. अनामत, भाडे, गॅस किंवा डबा, रोजची ये-जा यांत पैसे जातीलच, पण बस्तान बसवण्यात तीन आठवडे जातील, आणि तुमच्याकडे परीक्षेपर्यंत तेवढेही निवांत आठवडे उरलेले नाहीत. शिवाय स्वतंत्र खोली ही ग्रुपचा नवा अड्डा व्हायला वेळ लागत नाही. तिथे रेक्टर नसतो आणि फाटकाला वेळेचे बंधन नसते. हे सत्र वर सांगितल्याप्रमाणे काढा. पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर, ग्रंथालयातली वेळ नियमाने पाळूनही गुण तसेच राहिले आणि रात्रीची झोप खोलीतल्या गोंगाटाने मोडत राहिली, तर आधी वसतिगृहातच खोली बदलून मागा. असा अर्ज रेक्टरांकडे नेहमीच येतो, त्यात कुणाची तक्रार करावी लागत नाही, आणि पहाटे उठणारा एखादा जोडीदार मिळाला तर बाहेर खोली शोधण्याचे कारणच उरत नाही. घरी गुणांबद्दल मात्र या रविवारी फोन करूनच सांगा. निकालाच्या दिवशी कळण्यापेक्षा आत्ता कळलेले वडिलांना सोसवते, आणि तुम्ही पुढे काय करणार आहात हे सांगायला तुमच्या हातात आता आठवड्यांचा तो कागदही असेल.